लाईट देणारा डॉक्टर

(द्वितीय वर्ष, कला)

आपल्या महाविद्यालयात दरवर्षी व्यवसाय-मार्गदर्शनाचा सप्ताह साजरा होतो. जिन्याजवळच्या फलकावर चित्रे लागतात, पाहुणे येतात, टाळ्या होतात. यंदा फलकावर चार डॉक्टर होते. एक हृदयाचा, एक मेंदूचा, एक हाडांचा आणि एक परदेशी गेलेला. (चौथ्याची शाखा लिहिलेली नव्हती, परदेश हीच त्याची शाखा असावी.) परंतु ज्या डॉक्टरची आपल्या भागाला अत्यंत गरज आहे, तो मात्र त्या फलकावर कोठेच नव्हता. तोंडाच्या, जिभेच्या व घशाच्या कर्करोगावर किरणांनी उपचार करणाऱ्या डॉक्टरविषयी मी बोलते आहे. इंग्रजीतून या शाखेस रेडिएशन ऑन्कॉलॉजी म्हणतात. आमच्या वस्तीवर तिला साधे नाव आहे : लाईट देणे.

कला शाखेच्या मुलीने या विषयात का नाक खुपसावे, असे कुणी विचारील. त्याचे उत्तर सरळ आहे. आमच्या घरात महाविद्यालयाची पायरी चढलेली मी पहिलीच. ज्या घरात एकालाच वाचता येते, त्या घरात दवाखान्याचे सगळे कागद त्याच्याच हातात येतात. मी बारावीत असताना माझ्या थोरल्या चुलत्यांना, ज्यांना आम्ही दादा म्हणतो, गालाच्या आतल्या बाजूचा कर्करोग निघाला. आधी शस्त्रक्रिया झाली व मग तीस वेळा लाईट घ्यावी लागेल असे सांगण्यात आले. कागद वाचायला म्हणून मला बरोबर धाडले. त्या दिवसांत जे पाहिले आणि त्यानंतर आपल्या ग्रंथालयात व इतरत्र जे वाचले, त्यावरून माझे काही मत बनले आहे. ते सर्वांना पटेलच असे नाही.

प्रथम एक गैरसमज दूर करते. हाताला लागले की ज्यांच्याकडे फोटो काढायला जातो ते डॉक्टर निराळे आणि हे निराळे. एक किरणांनी पाहतो, दुसरा किरणांनी रोग मारतो. वैद्यकीय प्रवेशाच्या गुणवत्ता यादीत वर असणारी मुले पहिल्याकडे धाव घेतात, हे सर्वश्रुत आहे. दुसऱ्याकडे जाणाऱ्याने एम.बी.बी.एस. नंतर आणखी तीन वर्षे एम.डी. करायचे, आणि मग पुष्कळदा आपल्याच नातेवाइकांना समजावून सांगत बसायचे, की मी फोटो काढणारा नव्हे!

या विद्येचा इतिहास फार जुना नाही. राँटगेन यांनी १८९५ साली क्ष-किरण शोधले व १८९८ साली क्यूरी दांपत्याने रेडियम. किरणांनी गाठ विरघळते हे लवकरच ध्यानात आले. पण गाठीबरोबर रोग्याची कातडीही जळे. त्या काळी पुष्कळ डॉक्टरांचा कल एकाच बैठकीत मोठी मात्रा देऊन मोकळे होण्याकडे होता. पॅरिसच्या रेडियम इन्स्टिट्यूटमध्ये मादाम क्यूरींच्या भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेशेजारी क्लॉडियस रेगो नावाच्या संशोधकाची जीवशास्त्राची प्रयोगशाळा होती. त्यांनी प्रयोगासाठी निवडला एडका! एडक्याचे वृषण किरणांनी निर्बीज करायचे, पण वरची कातडी शाबूत ठेवायची, असा तो प्रयोग. वृषणातल्या पेशी कर्करोगाच्या पेशींप्रमाणे सतत वाढत असतात, म्हणून ही तुलना. एका दमात किरण दिले तर कातडी जळाल्याखेरीज काम होईना. तेच किरण दिवसांत वाटून दिले, तर एडका निर्बीज झाला आणि कातडीही बचावली. ज्यांच्या घरी मेंढरे आहेत त्यांना या प्रयोगाचे हसू येईल, मलाही आले. परंतु साऱ्या जगातले किरणोपचार आज या एडक्याच्या ऋणात आहेत.

हे तत्त्व माणसाच्या घशापर्यंत आणणारे डॉक्टर म्हणजे आन्री कूतार. फलकावर त्यांचे चित्र लावा, असे मी सुचवीन. जन्म १८७६, फ्रान्समधला. डॉक्टर झाल्यावर काही वर्षे हा माणूस ज्यूरा या डोंगराळ भागात साधी वैद्यकी करीत होता. पहिल्या महायुद्धानंतर रेगो यांनी त्याला रेडियम इन्स्टिट्यूटमध्ये क्ष-किरण विभागाचे काम दिले. १९२२ साली पॅरिसच्या परिषदेत कूतार व त्यांचे सहकारी ओतां यांनी स्वरयंत्राचे असे रोगी पुढे आणले, की ज्यांचा वाढलेला कर्करोग केवळ किरणांनी बरा झाला होता आणि ज्यांच्या घशाची राखरांगोळी झालेली नव्हती. पुढे १९३२ व १९३४ साली त्यांनी आपली पद्धत सविस्तर लिहून प्रसिद्ध केली. थोडी मात्रा, रोज, कित्येक आठवडे. तोंडाचा आतला पडदा कोणत्या दिवशी लाल होतो, कधी पांढरा पडतो, कधी भरून येतो, हे ते रोज डोळ्यांनी पाहून टिपून ठेवीत. अखेरची काही वर्षे ते अमेरिकेत होते; १९५० साली वारले. त्यांच्याविषयी वाचताना मला वारंवार वाटले, की हा शास्त्रज्ञापेक्षा शेतकरी अधिक असावा. पिकाकडे रोज जाऊन पाहणारा.

आता आजच्या डॉक्टरकडे येऊ. लोकांना वाटते, यंत्र सुरू केले की काम झाले. वस्तुतः यंत्राचे बटण डॉक्टर दाबतही नाही. त्यासाठी तंत्रज्ञ असतात. डॉक्टरचे काम त्याआधीचे आहे. प्रथम रोग्याच्या चेहऱ्याचा मुखवटा तयार होतो. गरम पाण्यात मऊ झालेली प्लास्टिकची जाळी तोंडावरून ताणून बसवतात, ती थंड झाली की कडक होते. रोज त्याच मुखवट्यात डोके अडकवून निजायचे, म्हणजे मान केसभरही हलत नाही. (दादा म्हणाले, बैलाला मुसकी घालतात तसे घातले.) मग सी.टी. स्कॅन. त्या स्कॅनच्या एकेका पातळ कापावर डॉक्टर संगणकात रेषा काढत बसतो. इथे रोग होता, इथे गाठी जाण्याची शक्यता आहे, हा पाठीचा मणकारज्जू, ही लाळेची ग्रंथी, हा जबडा. शेकडो कापांवर अशा रेषा. त्यानंतर भौतिकशास्त्रज्ञ गणित मांडतो, की रोगावर पूर्ण मात्रा पडावी व रज्जूवर ठरावीक मर्यादेपलीकडे पडू नये. शस्त्रक्रियेनंतर साधारण साठ ग्रे तीस दिवसांत. शस्त्रक्रिया न करता रोग जागच्या जागी मारायचा असेल तर सत्तर ग्रे पस्तीस दिवसांत. ग्रे हे किरणांचे मोजमाप. रोज दोन ग्रे, आठवड्यातले पाच दिवस.

या रेषा काढण्याला मी कारकुनी समजले होते. तशी ती नाही. रेष चार मिलिमीटर आत आली तर रोग शिल्लक राहतो. चार मिलिमीटर बाहेर गेली तर लाळेची ग्रंथी जाते. लाळ गेली तर काय होते, हे ज्याने पाहिले नाही त्याला सांगूनही कळणार नाही. भाकरीचा घास तोंडात फिरत राहतो, गिळला जात नाही. इंग्लंडमध्ये ९४ रोग्यांवर झालेला एक अभ्यास २०११ साली प्रसिद्ध झाला. जुन्या पद्धतीने किरण दिलेल्यांत वर्षानंतर शंभरांतील ७४ जणांचे तोंड त्रासदायकरीत्या कोरडे राहिले होते. लाळेच्या ग्रंथी वाचवून किरण दिलेल्यांत ३८ जणांचे. हा फरक त्या रेषांचा व गणिताचा आहे. आमच्या दादांचे तोंड आजही कोरडेच असते, ते भाकरी कालवणात कुस्करून खातात, पण खातात.

आणखी एक गोष्ट भाषेच्या विद्यार्थ्यांनी ध्यानी घ्यावी अशी आहे. पूर्वी स्वरयंत्राचा कर्करोग पुढच्या टप्प्यात गेला की स्वरयंत्र काढून टाकणे हाच मार्ग मानला जाई. माणूस वाचे, आवाज जाई. १९९१ साली अमेरिकेतील माजी सैनिकांच्या रुग्णालयांतून ३३२ रोग्यांवरील अभ्यास प्रसिद्ध झाला. निम्म्यांना शस्त्रक्रिया व नंतर किरण; निम्म्यांना आधी औषधे व मग किरण. दोन वर्षांनी दोन्हीकडे जगणाऱ्यांचे प्रमाण सारखेच, शंभरात ६८. मात्र दुसऱ्या गटातल्या ६४ टक्के लोकांचे स्वरयंत्र शाबूत होते. म्हणजे तितकेच आयुष्य, आणि वर आवाज! कीर्तनकार, शिक्षक, बाजारात ओरडून भाजी विकणारी बाई, यांच्या लेखी आवाज म्हणजे काय चीज आहे हे मी सांगायला नको. अर्थात सर्वांनाच हा मार्ग लागू पडत नाही. आपल्याकडे गालाचा व जिभेचा कर्करोग अधिक, आणि त्यात आधी सुरी व मग किरण हाच रिवाज आहे. परंतु कोणाला कोणता मार्ग, हे ठरवताना शल्यविशारदाच्या शेजारी किरणांचा डॉक्टर बसलेला असावा लागतो. तो तिथे नसेल, तर सुरीवाल्याला सगळीकडे सुरीच दिसणार!

आता माझ्या मुद्द्यावर येते. आमचे दादा आणि काकू दरसाल ऊसतोडीला जातात. नवरा-बायको मिळून एक कोयता, असा तिथला हिशेब. मुकादमाकडून उचल घेतलेली असते व ती एका कोयत्याची असते. दिवाळी झाली, टोळी निघाली. दादांच्या लाईटचे तेव्हा एकोणीस दिवस झाले होते. तोंड आतून सोलवटलेले, नाकात नळी, तरी ते म्हणाले, आता दुखणे कमी आहे, उरलेले नंतर बघू. कोयता मोडला तर उचल कोण फेडणार? आणि ते गेले. मी घरात सर्वांना कागद वाचून दाखविला, तो कोणी ऐकला नाही.

किरणांच्या उपचारात "नंतर बघू" चालत नाही. हे इतर औषधांसारखे नव्हे. मधे खंड पडला की उरलेल्या कर्करोगाच्या पेशी सावध होतात आणि चौथ्या आठवड्याच्या सुमारापासून अधिकच घाईने वाढू लागतात. उपचार एक दिवस लांबला तर डोक्याच्या व मानेच्या कर्करोगात रोग ताब्यात राहण्याची शक्यता सुमारे एक टक्क्याने घटते, असा हिशेब अनेक अभ्यासांतून निघाला आहे. उलट बाजूही पहा. डेन्मार्कमध्ये सुमारे दीड हजार रोग्यांवर एक प्रयोग झाला, तो २००३ साली प्रसिद्ध झाला. तीच मात्रा, तेवढेच दिवस. फक्त आठवड्याला पाचाऐवजी सहा वेळा किरण दिले, म्हणजे उपचार आठवडाभर लवकर आटोपला. पाच वर्षांनी रोग ताब्यात राहिलेले लोक शंभरातील साठांवरून सत्तरांवर गेले. नवे यंत्र नाही, नवे औषध नाही. केवळ एक आठवडा!

म्हणजे या शाखेत काळ हाच औषध आहे. आणि काळ ही वस्तू गरिबाकडे नसते. श्रीमंत रोगी सात आठवडे शहरात खोली घेऊन राहतो; मजुराचे सात आठवडे आधीच कुणीतरी विकत घेतलेले असतात.

दादांच्या डॉक्टरांनी काय केले, ते सांगण्याजोगे आहे. चौथ्या दिवशी त्यांनी घरी फोन केला. आमच्याकडून मुकादमाचा नंबर घेतला आणि स्वतः त्याच्याशी बोलले. काय बोलले ते मला ठाऊक नाही. मुकादम काही देवमाणूस नव्हे. तरी अकराव्या दिवशी दादा परत आले. बुडालेले दिवस भरून काढण्यासाठी काही दिवस सकाळ-संध्याकाळ, मधे सहा तासांचे अंतर ठेवून, लाईट दिली. तीस पूर्ण झाले. दर तीन महिन्यांनी तपासणी चालू होती, आता त्यातले अंतर वाढले आहे. पण बाकावर दादांच्या शेजारी शेजारच्या तालुक्यातले एक म्हातारे बसत. तंबाखूची रिकामी डबी ते सवयीने खिशात बाळगीत. बाविसाव्या दिवसानंतर ते आले नाहीत. त्यांच्या कागदावर जो फोन होता, तो म्हणे दुकानदाराचा होता.

मला असे वाटते की या डॉक्टरची योग्यता मोजायची झाली, तर त्याच्याकडे कोणते यंत्र आहे यावरून मोजू नये. सुरू झालेल्या शंभर रोग्यांपैकी किती जणांनी शेवटचा दिवस गाठला, यावरून मोजावी. कोणी म्हणेल, ते समाजसेवकाचे काम आहे, डॉक्टरचे नव्हे. मी विचारते, औषधाची अर्धी मात्रा वाया जात असेल तर ते पाहणे कुणाचे काम? मात्र हे सारे एका माणसाच्या फोनवर सोडणेही मला मान्य नाही. प्रत्येक डॉक्टरने प्रत्येक मुकादमाला फोन करत बसायचे, तर रेषा कोणी काढायच्या?

आमच्या एका प्राध्यापकांशी याविषयी बोलले असता ते म्हणाले, "अगं, तंबाखू बंद झाली तर हे डॉक्टरच लागणार नाहीत. मुळावर लिही, फांदीवर कशाला लिहितेस?" सरांचा आदर राखून म्हणते, की मूळ सर्वांना ठाऊक आहे. २०१६-१७ च्या पाहणीनुसार महाराष्ट्रात शंभर प्रौढांपैकी २६ हून अधिक जण तंबाखूचे सेवन करतात, आणि त्यांतले बहुतेक ती ओढत नाहीत; खातात किंवा मिशरी करून दातांना लावतात. माझी आत्या मिशरीशिवाय सकाळी कुणाशी बोलत नाही. राज्यात २०१२ पासून गुटख्याला बंदी आहे. शिक्षणसंस्थेपासून शंभर यार्डांच्या आत तंबाखू विकू नये असा २००३ चा कायदा आहे. आपल्या फाटकापासून टपरीपर्यंतची पावले मी मोजली, त्रेचाळीस भरली. तेव्हा मुळावर घाव घालणारे काय करताहेत ते दिसतेच आहे. शिवाय उद्या सकाळी सगळी तंबाखू समुद्रात बुडवली, तरी ज्यांनी वीस-वीस वर्षे ती खाल्ली आहे त्यांची रांग पुढची कित्येक वर्षे संपणार नाही. भारतातल्या पुरुषांच्या कर्करोगांत तोंडाचा कर्करोग अगदी अग्रभागी आहे. त्या माणसांना आपण फांदी म्हणून सोडून देणार काय?

यंत्रे कमी आहेत हेही खरे. दहा लाख लोकांमागे एक यंत्र एवढे प्रमाणसुद्धा आपल्या देशाने अद्याप गाठलेले नाही. २०२५ च्या अर्थसंकल्पात जिल्हा रुग्णालयांतून कर्करोगाची डे-केअर केंद्रे काढण्याची घोषणा झाली, तिचे स्वागत. पण तशा केंद्रात मुख्यतः सलाईनमधून औषध मिळते. किरणांच्या यंत्राला जाड भिंतींची खोली, भौतिकशास्त्रज्ञ, तंत्रज्ञ, असा सारा संसार लागतो. तो आपल्याला जमत नाही असेही नाही. १९४१ साली उघडलेले टाटा रुग्णालय १९६२ साली अणुऊर्जा खात्याकडे गेले, हे वाचून मला प्रथम आश्चर्य वाटले होते. किरणांचा विचार केला की ते वाटेनासे होते. त्या रुग्णालयाचे संचालकपद भूषविलेल्या, २००१ साली पद्मश्री मिळालेल्या डॉ. केतायून दिनशॉ या किरणोपचाराच्याच डॉक्टर होत्या. भाभा अणुसंशोधन केंद्राने भाभाट्रॉन नावाचे कोबाल्टचे यंत्र इथेच बनविले आहे. आणि आपल्यासारख्या आडभागातही काम होऊ शकते, हे बार्शीने दाखविले आहे. तेथे १९८७ पासून ग्रामीण भागातल्या कर्करोगाची नोंद ठेवली जाते.

परंतु यंत्र दारात आले तरी रोज बुडायचा तो बुडणारच. शासनाच्या जनआरोग्य योजनेतून दादांच्या लाईटचे पैसे भरले गेले, त्याबद्दल आम्ही ऋणी आहोत. रेल्वेत कर्करोगाच्या रुग्णाला सवलत आहे. राहण्यासाठी मुंबईत दादरला गाडगेबाबांच्या नावाची धर्मशाळा आहे, तिथे या रोगाचे रोगी व त्यांचे नातलग राहतात. बाबांना शाळेत बसायला मिळाले नव्हते, पण रोग्याला औषधाइतकीच निवाऱ्याची गरज असते हे त्यांना कळत होते. उरला तो रोजगार. त्याचा विचार कोणत्याच कागदावर मला आढळला नाही, आणि कागद मी सगळे वाचले होते.

क्षयरोगाच्या बाबतीत सरकारने हा विचार केला आहे. क्षयरोग्याने गोळ्या अर्ध्यावर सोडू नयेत म्हणून २०१८ पासून त्याच्या खात्यावर आहारासाठी महिना पाचशे रुपये जमा होऊ लागले. नोव्हेंबर २०२४ पासून ते हजार झाले. रक्कम थोडी आहे, पण उपचार पुरा करणे ही एकट्या रोग्याची जबाबदारी नव्हे, हे त्यात मान्य केलेले आहे. हेच तत्त्व लाईट घेणाऱ्यास का लावू नये? ज्या राज्याने १९७७ साली रोजगार हमीचा कायदा करून काम मागणाऱ्याला काम देण्याची हमी घेतली, त्याला महिना-दीड महिना काम करू न शकणाऱ्याचा रोज भरून देणे अशक्य वाटू नये. अट एकच ठेवावी : ज्या दिवशी मुखवटा चढला, त्या दिवसाचा रोज. खंड पडला तर पैसे नाहीत. म्हणजे फसवणुकीचीही सोय उरत नाही, कारण यंत्र स्वतःच हजेरी मांडते.

रोज चारशे रुपये धरला तर तीस दिवसांचे बारा हजार होतात. सोबतच्या माणसाचे तितकेच; दोघांचे मिळून चोवीस हजार. मोडलेल्या कोयत्याची उचल त्यातून फिटणार नाही, हे मी जाणते. पण मुकादमापुढे उभे राहण्यापुरता आधार त्यातून मिळेल. दुसऱ्या बाजूला शस्त्रक्रिया, स्कॅन, मुखवटा व एकोणीस दिवसांची लाईट यांवर शासनाचा झालेला खर्च मांडावा, जो रोगी अर्ध्यावर गेला की जवळपास सगळा पाण्यात जातो. हा हिशेब मी माझ्या परीने केला आहे. त्यात चूक असल्यास अर्थशास्त्र विभागातील प्राध्यापकांनी ती दाखवून द्यावी, अशी विनंती आहे.